पिवळी पडलेली खुर्ची

ओर्नेल्ला गाल्बियाती प्लास्टिक नाकानं ओळखायची. व्हिनेगरचा वास आला की ती वस्तू वेगळ्या कपाटात जायची, कारण एक सडली की शेजारणीलाही घेऊन सडते. सोळाव्या वर्षी ती इटलीतल्या ब्रियांझा भागातल्या कारखान्यात साच्यातून प्लास्टिकच्या गरम खुर्च्या उपसायला लागली. चाळिशीत नव्यानं शिकून ती गावच्या संग्रहालयात त्याच खुर्च्यांची डॉक्टरीण झाली. सुतारांचं गाव ते, हसायचंच. "बादल्या जपतेय बाई," म्हणायचे. ती ऐकवायची, "तुमच्या आज्यांची कंबरडी याच हलक्या बादल्यांनी वाचवली."

एकसष्टाव्या वर्षी तिच्यापुढं एक खुर्ची आली, पार लोण्यासारखी पिवळी. प्रदर्शनाला त्या कारखान्याच्या मालकाचे वारस येणार होते, आणि संचालक फुमागाल्लींना ती पांढरीशुभ्र हवी होती.

"सिन्योरा, मुळात पांढरी होती ना ही?"

"होती. माझे केसही काळे होते."

"पेरॉक्साइडचा लेप द्या, दिव्याखाली ठेवा. पोरं जुने कॉम्प्युटर असेच उजळवतात."

"आणि दोन वर्षांत ते पुन्हा पिवळे पडतात, साहेब. वरची कातडी ठिसूळ होते ती वेगळीच."

"दोन वर्षांनंतरचं तेव्हा बघू. तुमचा करार या महिन्यात संपतोय, आठवण आहे ना?"

आठवण होती. पेन्शनला दोन वर्षं होती आणि या वयात दुसरीकडं कुणी विचारणार नव्हतं. ती घाबरली होती, हे खरं. पण घाबरण्यापेक्षा चिडली जास्त होती.

संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूची एक फाइल असते. वस्तूला काय केलं, कुणी केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, सगळं सहीनिशी त्यात राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्नेल्लानं भरलेला कागद फुमागाल्लींच्या टेबलावर ठेवला. 'माझा विरोध असताना, संचालकांच्या आदेशावरून खुर्ची पांढरी केली. नुकसान कायमचं.' खाली त्यांच्या सहीची जागा मोकळी होती.

"लेप तयार आहे. सही करा, लगेच लावते."

त्यांनी दोनदा वाचलं. "एवढं लिहायची काय गरज आहे?"

"मग काय लिहू? आपोआप गोरी झाली?"

"मी तोंडी सांगितलंय तेवढं पुरे."

"शंभर वर्षांनी जी पोरगी ही फाइल उघडेल, तिला तोंडी सांगायला तुम्ही येणार का?"

फुमागाल्लींनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं, आणि तसंच मिटून खिशात ठेवलं. खुर्ची प्रदर्शनात पिवळीच गेली. वारसांनी तोंडं वाकडी केली, आणि महिनाअखेर ओर्नेल्लाचा करार संपला तो संपलाच.

शेवटच्या दिवशी तिनं फाइलचा तसाच एक कोरा कागद घेतला. 'या खुर्चीला काहीही केलेलं नाही. पांढरी करायला सांगितलं होतं, माझा विरोध होता,' असं लिहिलं. मग आधीच्या कागदावर जिथं साहेबांचं पेन अडलं होतं, त्याच जागी या कागदावर स्वतःची सही ठोकली.