कालव्याकाठचा वळसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते — आणि मराठीत लिहून, कारण आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, वाचत कुणीच नाही.

मी याद्या करणारी बाई. तंजावूरच्या एका कार्यालयात, रस्त्यांच्या विभागात. कालव्याकाठचा रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा काय काय हलवायचं याची यादी माझ्याकडे होती. विजेचे खांब, चहाची दोन दुकानं, एक बदामाचं झाड, एक दगड. शाळा सुटताना तिथे बस अडकायची आणि मागे रुग्णवाहिका नुसती भोंगा वाजवत उभी. रस्ता हवाच होता. पण त्याच्या आड मी लपणार नाही.

दगड गुडघ्याएवढा, त्यावर देवनागरी अक्षरं. शेजारी फुलं विकणारी कामाक्षीअम्मा रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायची. तिची आई लावायची, म्हणून. कुणासाठी? तिलाही माहीत नव्हतं.

इंजिनियर हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्याच मराठा राजांच्या काळातला. वाचा की."

"वाच गं, कण्णू," अम्मा लाडाने म्हणाली. "मरायच्या आधी कळू दे."

मला वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही — शाळा तमिळ, कॉलेज इंग्रजी. आणि तरी मी दगडावर बोट फिरवलं. ओळीमागून ओळ, ओठ हलवत. मग म्हटलं, "हद्दीचा दगड आहे. बाकी काही नाही."

अम्मा विझलेल्या वातीकडे बघत राहिली. "मग इतकी वर्षं आम्ही दिवा कुणाला दाखवत होतो?"

मी यादीत खूण केली. दगड फुटून खडीत गेला, फोटो फाइलीत राहिला. अम्माने दिवा लावणं बंद केलं.

रस्ता छान झाला. सरळ, रुंद, गुळगुळीत. फक्त एका जागी गर्दी तुंबायची. तक्रारी आल्या, म्हणून भर दुपारी मी तिथे जाऊन उभी राहिले. खड्डा नव्हता, उंचवटा नव्हता. पण प्रत्येक गाडी — बस, ऑटो, फोनवर बोलणारा मोपेडवाला — तिथे आली की हलकेच बाजूला व्हायची, रिकाम्या डांबराला वळसा घालायची आणि पुन्हा सरळ. एक लॉरीवाला गावात पहिल्यांदाच आलेला. त्याला थांबवून विचारलं, का वळलात?

"वळलो?" तो म्हणाला.

त्यानंतर मी ही अक्षरं शिकले. लहान मुलांची अंकलिपी आणली, दाराला कडी लावून गिरवली. मग फाइलीतून तो फोटो बाहेर काढला. बोट ठेवून वाचला — या वेळी खरोखर.

काशी फुलवाली पुरातून दोन लेकरे काढून तिसऱ्यास आणावयास गेली, ती येथे बुडाली. तिच्या लेकींनी दिवा लावावा. जाणाऱ्याने बाजूने जावे.

अम्मा तेव्हा होती. तिथेच, फुलांच्या टोपलीमागे. माझ्या सोमवारच्या यादीत मी लिहिलं — अम्माला सांगणे. पुढच्या सोमवारी तीच ओळ पुन्हा उतरवली. त्याच्या पुढच्याही. किती सोमवार? तिला सांगायचं, तर तेव्हा मला वाचता येत नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. आड आलं ते एवढंच. इतकं लहान.

एकदा गजरा देताना ती म्हणाली, "संध्याकाळी हात रिकामे वाटतात गं." मी गजरा माळला आणि ऑफिसला गेले.

मग ती वारली. यादीतली ती ओळ मी खोडलेली नाही. झालेलं काम खोडायचं असतं.

रोज मी त्याच रस्त्याने जाते. ती जागा आली की स्कूटरचं हँडल दोन्ही हातांनी सरळ धरते — घट्ट, मनगटं दुखेपर्यंत.

तरी ते वळतं.