शेवंताच्या घरचा कंद

आमच्या कुंभारवाड्याकडे कंदाचं बियाणं देणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं. ते घेणाऱ्याने घ्यायचं. परसात मुडलीच्या कंदाची पानं हलताना पाहून कोणी विचारलं, की ‘अमकीच्या घरची’ असं सांगायचं. न सांगणारा माणूस मी ही गोष्ट घडेपर्यंत पाहिला नव्हता.

केशर याच रीतीत वाढली. जोयड्याला कंद पिकवणाऱ्यांच्या संघाने तीन कॉम्प्युटर एका वायरीने जोडले आणि ते सांभाळायला बारावी झालेल्या केशरला बसवलं.

इंटरनेटवर न्यूजग्रुप नावाच्या जुन्या चावड्या अजून चालतात. त्यातल्या एकीवर देशोदेशीचे लोक कंदांविषयी पत्रं लिहितात, हे तिनेच शोधून काढलं. ती पत्रं वाचायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तीन दिवस ती त्याच्याशी झटली. दूरच्या सर्व्हरचा पत्ता घातला, पासवर्ड घातला, हजारो चावड्यांतून कंदांची निवडली. तिन्ही मशीनवर तेच उघडेल असं केलं. शेवटी एक चौकट उरली. तिच्यातलं नाव प्रत्येक पत्रावर जाणार होतं.

संघाचा सेक्रेटरी शिवानंद शेजारी उभा होता.

“घाल आता तुझं नाव, केशरक्का.”

“मी कसं घालू, अण्णा? देणारीनं आपलं नाव घ्यायचं आस्तंय व्हय? तूच घाल माझं.”

“घालतो. तू च्या सांगून ये.”

ती चहा सांगून आली तोवर चौकट मिटली होती. मानलेल्या भावाने लावलेली कडी कोण हलवून बघतं?

पुढे केशर आपल्या घरच्या कंदांविषयी मराठीत लिहायची, शिवानंद त्याचं इंग्रजी करून पाठवायचा. उत्तरंही तोच वाचून सांगायचा. एकदा तो रामनगरला गेला असताना तिने एक उत्तर स्वतः उघडलं, शब्द शब्द लावत वाचलं. ‘शिवानंद, तुमच्या आईने बारा जातींचे कंद जपले. तिला आमचा नमस्कार.’

ते कंद जपणारी शेवंता, केशरची आई, जाऊन तीन वर्षं झाली होती.

शिवानंद परतला तेव्हा ती चौकट उघडून बसली होती.

“नाव कुणाचं तरी लागतंयच की,” तो म्हणाला. “इंग्रजी माझंच हाय न्हवं?”

“इंग्रजी तुझं. आई कुणाची?”



गेलेली नऊ पत्रं परत बोलावता येत नाहीत. स्वतःचं नाव लिहायला तिचा हात तेव्हाही धजेना. मग तिच्या ध्यानात आलं, बियाणं तिलाही आईनेच दिलेलं. इथे घेणारी तीच. तिने त्याचं नाव पुसलं आणि ‘शेवंता’ लिहिलं.

त्या दिवसापासून तिने शिवानंदला अण्णा म्हटलेलं नाही. त्याच्या परसात तिच्याच घरची मुडली वाढते. कुणाची म्हणून विचारलं, तर तो म्हणतो, संघाची.