डेकवरचं ताट

देवदत्त पांढरीपांडेला तिथली मराठी मंडळी अस्वलकाका म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, त्यामुळे राग धरायला जागाच नव्हती.

पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पांचे आराखडे काढण्यात त्याचं नोकरीतलं सारं आयुष्य गेलं. अठ्ठावीस वर्षं वेस्ट विंडसरला काढली आणि निवृत्त झाल्यावर तो आणि पद्मिनी न्यू जर्सीच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतात तिथे राहायला आले. घरामागे ओकची झाडं होती, त्यापलीकडे तळं. पहिल्याच वसंतात एक अस्वलीण तीन पिल्लं घेऊन रस्ता ओलांडताना दिसली. देवदत्तने गाडी थांबवली. शेवटचं पिल्लू सारखं मागे वळून पाहत होतं, आई पुढे गेली तरी त्याचा पाय निघेना. मागे चार गाड्या उभ्या राहिल्या, पण भोंगा कुणी वाजवला नाही. त्याच आठवड्यात तो वन्यजीव खात्याचा स्वयंसेवक झाला.

तेव्हापासून नारिंगी जाकीट घालून तो दारोदार फिरे. पक्ष्यांचे दाणे एप्रिलनंतर बाहेर टांगू नका. ग्रिल घासून ठेवा. नारळाच्या करवंट्या झाडीत फेकू नका. कचऱ्याचा डबा गराजमध्ये ठेवा, गाडी येईल त्या सकाळीच बाहेर काढा.

"सकाळी सहाला कोण उठणार हो काका?" तीन घरं सोडून राहणारा गुरुनाथ म्हणे.

"मी उठतो. तुझाही डबा मी ढकलीन."

"बघा ना, अस्वलांना ग्रीन कार्ड मिळालं, आम्ही अजून रांगेतच."

"ती तुझ्या आधीपासूनची इथली आहेत. मधे हाकलली होती, एवढंच."

मग तो सांगायचा ते सांगे. शेतीसाठी माणसांनी जंगल तोडलं, अस्वलं दिसतील तिथे मारली. या राज्यात ती जवळजवळ संपलीच होती. पुढे शेतं ओस पडली, झाडं आपोआप वाढली, कायदे झाले, आणि जी संपली असं वाटलं होतं ती हळूहळू परत आली. "गेलेलं परत येतं कधीकधी," असं म्हणून तो पुढच्या दाराकडे वळे. हे वाक्य तो जरा जास्तच ठासून म्हणायचा. त्याच्या घरातलं जे जात होतं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

पद्मिनी विसरू लागली त्याला तीन वर्षं झाली होती. आधी शब्द गेले, मग वार, मग वर्षं. त्यांची मुलगी स्वानंदी एकेचाळीस वर्षांची, टेक्सासात फ्रिस्कोला संसार करणारी. ती रविवारी व्हिडिओवर दिसली की पद्मिनी कौतुकाने म्हणे, "कोण हो ही बाई? मराठी छान बोलते." स्वानंदी हसायची. मग "आई, वन सेकंद" म्हणून फोन छताकडे करायची.

पद्मिनीच्या मनात होती ती स्वानंदी चौदा वर्षांची होती. वेस्ट विंडसरला शाळेनंतर पोहण्याच्या सरावाला जायची, ओल्या केसांनी मागच्या दाराने यायची आणि आत पाणी नको म्हणून डेकच्या पायरीवर बसूनच जेवायची. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पद्मिनीची घालमेल सुरू होई. "अहो, पोरगी आली नाही अजून. जाऊन बघा ना." देवदत्त समजावी, खोटं बोले, टीव्ही लावी. ती दार ओढत राही. एकदा त्याने तिचा हात धरून ठेवला तेव्हा ती त्याला चावली. नंतर तीच त्या दातांच्या खुणा पाहून विचारत होती, "हे काय हो झालं तुम्हाला?"

पण तिचे हात काही विसरले नव्हते. ती वेंगुर्ल्याची. सुरमईच्या तुकडीला मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावणं, रव्यात घोळवणं तिला अजून बरोबर जमे. घरातल्या कोटांना वास लागतो म्हणून इतर अनेक घरांसारखी त्यांचीही तळणाची शेगडी डेकवर होती. नागपूरच्या शाकाहारी घरातला देवदत्त लग्नानंतर दहा वर्षांनी मासे खायला लागला होता, आणि "माझ्यामुळे माणसात आले," असं ती चारचौघांत सांगायची. पाच वाजता तो शेगडी पेटवून देई, तिच्याजवळ उभा राही आणि साडेपाचला बंद करी. मग पुढच्या दाराची वरची कडी लावून तो तळघरात जाई. दिवसातला तेवढाच एक तास त्याचा होता. त्या तासात तो खात्याचे ईमेल लिही.

सप्टेंबरात एके दिवशी तो वर आला तर पद्मिनी शांत बसली होती.

"जेवून गेली," ती म्हणाली.

सिंकमध्ये स्टीलचं ताट होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती गुणगुणत होती. देवदत्तला वाटलं, नवी गोळी लागू पडली. डॉक्टरांना त्याने फोन करून सांगितलं, त्यांनाही आनंद झाला. दोन आठवडे तो रात्रभर झोपला. आरशात त्याला आपला चेहरा ओळखीचा वाटू लागला.

मग एका संध्याकाळी चष्मा वरच राहिला म्हणून तो मधेच जिना चढला.

सरकत्या काचेच्या दाराशी खुर्ची ओढून पद्मिनी बसली होती. काचेपलीकडे, दोन हातांवर, एक काळी अस्वलीण ताटात तोंड घालून बसली होती. छातीवर पांढरा डाग, दोन्ही कानांत खात्याचे पिवळे बिल्ले. भात संपवून तिने सुरमईची तुकडी दातांनी हलकेच उचलली.

"हळू खा गं," पद्मिनी म्हणत होती, "काटा लागेल. कुणी घेऊन जात नाही तुझं."

देवदत्त जिन्यावरच थांबला. पुढे काय होतं ते त्याने शंभर दारांवर सांगितलं होतं. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं अस्वल दाराला भीत नाही, आणि दाराला न भिणारं अस्वल फार दिवस जगत नाही. खात्यातल्या आन्याला आत्ता फोन केला तर ती येईल, रबरी गोळ्या, कुत्रे, फटाके लावून हिला एवढी घाबरवेल की ही पुन्हा घराकडे फिरकणार नाही. ही वाचेल. त्याने फोन हातातही घेतला. काचेशी बसलेल्या पद्मिनीने तेवढ्यात मागे वळून पाहिलं आणि ती हसली. तीन वर्षांत ती त्याच्याकडे बघून अशी हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने डेकचं दार बंद केलं आणि ताट आत ठेवलं. पद्मिनी आधी रडली, मग काचेवर डोकं आपटू लागली. तो बर्फाची पिशवी आणायला वळला तेवढ्यात तिने खुर्चीवर चढून वरची कडी काढली. अनवाणी ती रस्त्यावर पोचली, "स्वानंदी, स्वानंदी" हाका मारत. एक गाडी करकचून थांबली. चालवणारी बाई धावत खाली उतरली, आणि पद्मिनी तिलाच विचारत होती, "माझी मुलगी पाहिलीत का?"

त्यानंतर देवदत्तने ठरवलं. नोव्हेंबरच्या शेवटाला अस्वलं गुहेत जातात, म्हणजे सात-आठ आठवड्यांचा प्रश्न. तेवढे निघून जातील. पुढच्या वसंतापर्यंत पद्मिनी कुठे असेल, काय विसरली असेल, कुणी सांगावं? सहा वाजता त्याने ताट स्वतः बाहेर नेऊन ठेवलं. आणि सकाळी नारिंगी जाकीट घालून तो एका नव्या घरी गेला आणि म्हणाला, "दयेपोटीसुद्धा खायला घालू नका हो. ती दया नसते."

ऑक्टोबरच्या मध्याला, शनिवारी दुपारी, गुरुनाथची बायको आसावरी डेकवर बटाटेवडे तळत होती. ताट भरून तिने आत नेलं आणि मागे जाळीचं दार ओढून घेतलं. पाच मिनिटांत जाळी फाडून अस्वलीण स्वयंपाकघरात आली. तिला घाई नव्हती. जणू रोजची वेळ झाली होती. टेबलाशी त्यांची सहा वर्षांची सिया चित्र काढत बसली होती. आसावरीने तिला उचललं, बाथरूममध्ये कोंडून घेतलं आणि तिथूनच फोन केला. अस्वलिणीने वडे खाल्ले, ताट चाटलं, आली तशी गेली. कुणाला ओरखडाही उठला नाही. पण ती माणसाच्या घरात शिरली होती, आणि अशा अस्वलाला खात्याच्या नियमात एकच शिक्षा होती.

आन्या गुरुनाथच्या अंगणात पिंजरा घेऊन आली. ट्रेलरवर बसवलेलं पत्र्याचं लांबोडकं पिंप, एका टोकाला जाळी, आत गोड पाव. ती एडिसनमध्ये जन्मलेली, तिशीची. आईवडिलांना डॉक्टर हवी होती, ही अस्वलांच्या मागे लागली. देवदत्तला तिचा अभिमान वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळीच अस्वलीण पिंजऱ्यात सापडली, तेव्हा त्याला बोलावणंही तिनेच धाडलं. दहा घरी विचारून यायला तिला त्याची मदत हवी होती.

"काका, हिला कोणीतरी फीड करत होतं," ती म्हणाली. "रेग्युलरली. शी वॉज वेटिंग फॉर अ प्लेट. तुम्हाला सगळे लोक माहीत आहेत. कोण असेल?"

देवदत्त पिंजऱ्याजवळ गेला. अस्वलीण कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. गुरगुरणं नाही, धडका नाहीत. त्याचा हात जाळीजवळ आला तशी ती उठली, पुढे आली आणि त्याच्या बोटांचा वास घेऊ लागली. ओला श्वास त्याच्या तळव्याला लागला. आदल्या संध्याकाळची हळद अजून नखांत होती.

"नाव कळलं तर ही वाचेल का?"

"नाही काका. आता नाही."

"आधी कळलं असतं तर?"

"सप्टेंबरमध्ये? शुअर. खूप चान्स होता." ती थांबली. त्याच्या हाताकडे, मग अस्वलिणीकडे पाहिलं. "काका?"

"माझ्याच घरी," देवदत्त म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. ताट, काच, चौदा वर्षांची स्वानंदी, रस्त्यावरची गाडी. सांगताना त्याला वाटलं होतं की आन्या रागावेल. ती रागावली नाही. तिने टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाली, "मला एक कॉल करायचा ना. मी आले असते. काकूंसाठी पण आले असते." हे त्याला सुचलंच नव्हतं. अस्वलासाठी मदत मागता येते हे तो जगाला शिकवत होता, आणि स्वतःच्या घरासाठी ती मागायची असते हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गुरुनाथ अंगणात उभा राहून ऐकत होता. थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी तो एवढंच बोलला, "काका, माझी सिया बसली होती तिथे."

देवदत्तने जाकीट काढलं, घडी घातली आणि आन्याच्या ट्रकच्या सीटवर ठेवलं. ट्रेलर वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता. अस्वलिणीला कुठे नेणार, कसं करणार, ते त्याला ठाऊक होतं. स्वयंसेवकांच्या पहिल्याच वर्गात ते शिकवलं होतं.

संध्याकाळी पद्मिनीने ताट वाढलं. भात, आमटी, दोन तुकड्या. त्याने ते डेकवर नेऊन ठेवलं, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. ती काचेशी बसली. सहा वाजले, सव्वासहा झाले. भातावरची वाफ थांबली. ती खुर्चीच्या कडेला सरकली, तिचे हात पदराशी चाळा करू लागले.

देवदत्त गराजमधून बाहेर पडला, घराला वळसा घालून डेकच्या पायऱ्या चढला आणि तिच्याकडे पाठ करून ताटाशी बसला. रिकामं ताट दिसलं की निदान आजची रात्र जाईल. आमटी गार झाली होती. चार घास त्याने भराभर गिळले. पाचवा घास त्याने हातात घेतला.

मागे दार सरकलं.

"कोण हो तुम्ही?" पद्मिनी दारात उभी होती. "ते माझ्या मुलीचं ताट आहे."

त्याने हात मागे घेतला. वळून तिच्याकडे पाहिलं. मावळतीचा उजेड त्याच्या थेट तोंडावर होता, तरी तिच्या डोळ्यांत काही हललं नाही.

"तिच्या शाळेतला आहे मी," तो म्हणाला. "तिला आज उशीर होणार आहे, ते सांगायला आलो होतो."

"असं होय." तिचे खांदे सैल झाले. "मग आधी सांगायचं की. आणि असं गारढोण काय खाताय? थांबा." ती आत गेली, वाढून दुसरं ताट घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवलं. मुलीचं ताट तिने जरा बाजूला सरकवून झाकलं. "लाजू नका. मासे चालतात ना?"

"चालतात. उशिरा शिकलो."

ती पायरीवर टेकली, परक्या माणसापासून बसावं तेवढं अंतर ठेवून. झाडीकडे पाहत राहिली. तो जेवत होता. तिथून काही येणार नाही हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

"घरी कोण असतं तुमच्या?" तिने विचारलं.

"बायको असते."

"मग जेवून लवकर निघा," पद्मिनी म्हणाली. "वाट बघत असेल ती."

त्याने मान हलवली आणि भातात आमटी कालवली.