म्हशीचा पान्हा आन मोबाइलातली बाई

बायको गेली आन म्हशीनं धार द्यायचं बंद केलं. वगारीला पाजायची, पण मी चरवी घेऊन बसलो की पान्हा चोरायची, वरून लाथ. तिची चूक न्हाई. आमच्या घरात धार बायकोच काढायची. मी जन्मात कधी सडाला हात लावला नव्हता.

जाफराबादला दिलेली पोरगी येऊन राह्यली होती. ती म्हणली, "दादा, इकून टाका. तुमच्यानं व्हायचं न्हाई." टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याशी बोलूनबी ठेवलं तिनं. पण म्हस बायकोनं वगार असल्यापासून वाढवलेली. तिच्या हातचं जितं असं तेवढंच घरात उरलं होतं. ते दावं सोडून दुसऱ्याच्या हातात द्यायचं माझ्या जिवावर आल्तं.

शेजारचा चुलत भाऊ म्हणायचा, "एक इंजेक्शन ठोका, बादलीभर सोडती बघा."

जाताना पोरीनं माझ्या मोबाइलात एक नवं काय तरी टाकून दिलं. "यात बोलायचं दादा. काय बी इचारा, उत्तर देतं."

"तुझ्यावानी डोकं खातं का?"

"माझ्यापेक्षा जास्ती."

मी काही हात लावला न्हाई त्याला. मंग म्हशीची कास टणक लागायला लागली, तवा एका दुपारी गोठ्यात बसून बटन दाबलं. "माझी म्हस दूध देईना. बायको मेली तवापासून."

बाईचा आवाज आला. "तुमच्या पत्नीबद्दल ऐकून वाईट वाटलं."

तोंड दाखवून गेलेल्या भावकीतल्या निम्म्यांनी एवढंबी म्हणलं नव्हतं. पण पुढं तिनं ताण, आहार, आजार अशी लांबण लावली. मी म्हणलं, "बाई, थोडक्यात सांग. मला शाळा न्हाई."

तशी बराबर थोडक्यावर आली. कास गरम लागते का, दुधात गाठी येतात का, इचारलं. तसं असलं तर आधी जनावरांचा डॉक्टर, आन त्याला न इचारता इंजेक्शन बिलकुल नको. कास गरम नव्हती, चिळकांडी पडायची तिच्यात गाठीबी नव्हत्या. मंग ती म्हणली, "तुमची पत्नी धार काढताना म्हशीशी काय बोलायची?"

"शिव्या द्यायची."

"कोणत्या? तेच शब्द म्हशीच्या ओळखीचे असतील."

आता परक्या बाईपुढं शिव्या कशा द्यायच्या? तरी दिल्या. "उभी ऱ्हाय, सटवे! तुझ्या बापानं सरकीची ढेप आणून ठेवली का?" म्हणलो. माणूस गेल्यावर त्याचं बोलणं कोणी मोठ्यानं म्हणत न्हाई. मीबी म्हणलो नव्हतो.

मंग बाई म्हणली, बायकोचं एखादं जुनं कापड असलं तर खांद्यावर घ्या, वासाचा उपयोग होऊ शकतो.

कापड कुठलं? आमच्यात मेलेल्याचे कपडे घरात ठेवत न्हाईत. लुगडी सगळी वाटून टाकली होती. तसं सांगितलं तर म्हणली, मग नुसतं बोलून बघा, घाई करू नका.

उठताना खुंटीवर नजर गेली. चुंबळ होती. गवताचा भारा आणताना बायको डोक्यावर ठेवायची, फाटक्या लुगड्याची वळलेली. तिला कपडा कोण म्हणतं? म्हणून ती वाटणीतून सुटली. नाकाला लावली, तर तिच्या डोक्याच्या तेलाचा वास.

सांजच्याला ती उकलून खांद्यावर टाकली. वगार पाजून बाजूला बांधली, खाली बसलो आन शिव्या चालू केल्या, तिच्याच ठेक्यात. म्हशीनं मान वळवली, खांद्याला नाक लावलं, फुर्र केलं. लाथ आली न्हाई. सड मऊ पडले आन धार चरवीच्या बुडावर वाजली. मी शिव्या थांबवल्या न्हाईत. डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं होतं, पण पुसणार कसं? दोन्ही हात सडाला.

कुडावरून चुलत भाऊ ओरडला, "काय भाऊ, वयनी आली का काय वापस?"

"आली आसती तर आधी तुला हाकललं आसतं. गिलास आण, चहापुरतं घेऊन जा."

चरवी काही भरली न्हाई. पण कास ढिली झाली, म्हस रवंथ करायला लागली. मी पोरीला फोन लावला. "व्यापाऱ्याला येऊ नको म्हणावं."

"धार काढली तुम्ही?"

"काढली."

मंग म्हणली, "मग रविवारी येते. लेकरांनाबी आणते."

"आण. खर्वस न्हाई भेटायचा, दूध भेटंल."