टपालवालीचा पाय

तीस वर्षं त्याचा एकच धंदा होता: ज्याचा पाय गेला त्याला नवा पाय बनवून द्यायचा. लोक त्याला 'पायवाला' म्हणत, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. पाय मापात असला की माणूस नीट चाललाच पाहिजे. नाही चालला तर चूक मापात आहे, एवढं त्याचं सरळ गणित.

टपालवाल्या बाईंनी या गणिताचे बारा वाजवले. बावीस वर्षं घरोघरी पत्रं वाटलेली बाई. अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला. नवा पाय घालून त्या पायवाल्याच्या कारखान्यातल्या दोन कठड्यांमधून चालायच्या ते मान खाली घालून, खांदे आवळून, जणू पुढची फरशी आत्ता दगा देणार. पायवाल्याने दोन महिन्यांत चारदा तो पाय घासला, उंची जुळवली, अस्तर बदललं. बाईंचं लंगडणं जसंच्या तसं.

"दुखतंय का कुठे?"

"छे!"

"मग लंगडता कशाला?"

"मला काय विचारता? पाय तुम्ही केलाय!"

त्याची बायको शेजारी मशीनवर पट्टे शिवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, पाय ठणठणीत आहे. त्यांच्या मनात भीती बसलीय. ती काय कानशीने घासून निघणार आहे?"

"तू तुझे पट्टे शिव," म्हणत त्याने पाचव्यांदा कानस उचलली. पाय काढून द्यायला बाई खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाल्या आणि मध्येच थबकल्या. अंगणापलीकडच्या इमारतीत त्यांच्या जागी बदलीवर आलेला पोस्टमन पत्रांचा अख्खा गठ्ठा एकाच पेटीत कोंबत होता.

"ओ दादा!" बाई कडाडल्या. "थांबा तिथेच!"

दार धाडकन उघडलं. ताठ मानेने, हात झुलवत, टाचा आपटत बाई अंगण ओलांडून गेल्या. समोरच्या तीन पायऱ्या कठड्याला हात न लावता चढल्या. पायवाला कानस हातात धरून आ वासून बघत राहिला. डावा, उजवा, डावा, उजवा. ठेका कुठे चुकेल तर शपथ!

"वरच्या मजल्यावरच्या आजी पत्राची वाट बघत बसतात, आणि तुम्ही ते तळमजल्याच्या पेटीत टाकता?" बिचारा पोस्टमन निमूटपणे एकेक पत्र बाहेर काढू लागला. शेवटचं पत्र योग्य पेटीत पडलं, तेव्हा कुठे बाईंची नजर पायऱ्यांवर गेली.

"अगं बाई! मी इथे वर कधी आले?"

"रागाच्या भरात!" खिडकीतून पायवाल्याची बायको ओरडली. सगळे खो-खो हसले. पोस्टमनही हसला, कशाला ते न कळताच.

उतरताना भीती परत आली. बाईंनी कठडा घट्ट धरला. पण हसू काही आवरेना, आणि हसताना खांदे आवळून धरणार कसे? अंगणात आल्या तेव्हा हात मोकळे सुटले होते.

दोन महिन्यांनी त्या कामावर रुजू झाल्या, सुरुवातीला दोनच गल्ल्या. पायवाल्याने कानस सोडली नाही, पण नव्या माणसाला आता तो आधी विचारतो, "पूर्वी कशासाठी धावायचात?" एक स्वयंपाकी म्हणाला, उतू जाणाऱ्या दुधासाठी. एक आजोबा म्हणाले, बायकोपासून लांब.

बाईंचा पहिला दिवस निर्विघ्न पार पडला, त्या संध्याकाळी नवरा-बायको घरी चालले होते. बायकोला धाप लागली.

"अहो, जरा दमानं! वरातीत निघाल्यासारखे काय चाललाय?"

"मी? मी तर रोजच्यासारखाच चालतोय," असं म्हणत त्याने रस्त्यातलं डबकं उडी मारून ओलांडलं.