चादरीआडून आलेला होकार

दत्तमहाराजांवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. माहेरी, बावड्याला, आई दर गुरुवारी आरती करायची. लग्नानंतर बारामतीत आले, कालव्याकडेच्या वस्तीत एका खोलीचा संसार मांडला, तिथंही मी ती चालू ठेवली. पण मागच्या वर्षी असे दिवस आले की हात जोडताना मनात यायचं, इथं ऐकणारं कुणी आहे का?

माझे यजमान गवंडी. गिलावा करताना गायची त्यांना भारी हौस, आणि आवाज इतका भसाडा की ज्या घराचं काम असेल तिथली मालकीण खिडकी लावून घ्यायची. हे तेच घरी येऊन हसत सांगायचे. एका बांधकामावर त्यांच्या शेजारी काम करणारे महादूभाऊ, त्यांचे बरोबरीचे सोबती, परांचीवरून खाली पडले आणि जागीच गेले. यांना खरचटलंही नाही. तेराव्याला जाऊन आले, थोडे दिवस कामावरही गेले, आणि मग एका सकाळी उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड, अंगावर चादर. बोलणं बंद, जेवण नावाला. गावाहून भेटायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असेल. त्यांनी आणलेला अंगारा मी लावला. शेजारचे तात्या म्हणाले, आळस आहे. घर चालावं, लेकीची शाळा सुटू नये म्हणून मी धुण्याभांड्याची आणखी घरं धरली. महाराजांपुढं एवढंच म्हणायचे, काय करू ते कळू द्या. मग एका गुरुवारी तेही म्हटलं नाही. दिवा लावलाच नाही.

त्या दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी, खांद्याला पिशवी, घामाघूम. ती एका बाळंतिणीचं घर शोधत होती. ते मागच्या गल्लीत होतं. ती चुकून आमच्याकडे आली होती. तिनं पाणी मागितलं. पिता पिता तिची नजर चादरीकडे गेली. मी सवयीनं म्हणाले, ताप आहे. ती उंबऱ्यात बसली आणि माझ्या पुढ्यातली मेथी निवडू लागली. शमीम तिचं नाव. वस्त्यांमधून फिरायचं, मनानं खचलेल्या माणसांपाशी बसायचं, गरज असेल तर त्यांना डॉक्टरपर्यंत न्यायचं, हे काम तिला एका संस्थेनं शिकवलं होतं. आपण डॉक्टर नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मेथी निवडून संपली तरी माझं बोलणं संपेना.

त्यानंतर शमीमभाभी येतच राहिली. एका खोलीत लपायला जागा कुठली? ती आली की हे चादर डोक्यावरून ओढून घेत. ती मग चादरीशीच गप्पा मारायची. माळेगावला उसाचा ट्रॅक्टर चालवणारा तिचा नवरा किती घोरतो, इथपर्यंत सगळं सांगायची. एकदा चादर हलली. हे हसले असावेत असं मला वाटलं आणि मी चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

पण एका सकाळी यांनी आमच्या लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि आम्हा दोघींचे हात कितीतरी वेळ धरून ठेवले. जणू निरोपच घेत होते. दुपारी भाभी आल्यावर मी तिला बाहेरच गाठून हे सांगितलं. तिचा चेहरा बदलला. आत येऊन ती यांच्या उशाशी बसली.

"भाऊ, जगू न्हाय असं वाटतंय का तुमाला?"

असं विचारलं तर मनात नसलेलंही भरेल, या भीतीनं मी तिला थांबवणार होते. तिनं नुसता माझा हात दाबला आणि वाट पाहत राहिली. चादरीआडून आवाज आला, "व्हय."

कितीतरी दिवसांनी ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द. मग त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली.

"महादूनं हाक मारली व्हती. माझा हात पोचला न्हाय."

"न्हाय पोचला," भाभी म्हणाली. "पर तुमी हात पुढं केला व्हता, भाऊ."

यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दुपारी ती आम्हाला रिक्षातून सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषध सुरू झालं. यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मला तर कामावर जाणं भाग होतं. भाभीनं तात्यांना समजावलं, हा आळस नव्हे, आजार आहे. तेच तात्या मग रोज पत्त्यांचा कॅट घेऊन यायला लागले. हरले की लहान मुलासारखे रुसायचे, आणि त्यांची समजूत काढता काढता हे बोलायला लागले.

सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. गोळ्या चालू आहेत, उंचावरचं काम यांनी सोडलं आहे. नेमक्या त्या गुरुवारी ती आमच्याच दारी कशी आली, असं मी एकदा भाभीला विचारलं. ती म्हणाली, गल्ली चुकले, दुसरं काय. मी वाद घातला नाही. मी मनातल्या मनात तिलाही नमस्कार केला आणि महाराजांनाही.

शरण जाणं म्हणजे दार लावून एकटीनं सोसत राहणं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. अजूनही एखादी सकाळ यांना जड जाते. मग मी हातातलं काम ठेवते, दार उघडं टाकते आणि यांच्याजवळ जाऊन बसते. महाराजांना म्हणते, मी इथं आहे, तुम्ही धाडाल ती माणसं आहेत; पुढचं तुम्ही बघा.