झाडं तिच्यामागे सुकली नाहीत

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं ते टमाट्याची पानं तोडायचं. त्यात गोड काही नव्हतं. भांडतच केलं.

असोद्याला आमच्या घरामागे मोरी आहे. मोरीच्या पाण्यावर बायकोनं दिवाळीनंतर टमाट्याची रोपं लावली होती. विकायला नाही, घरच्या चटणीला. झाडं कमरेएवढी झाली, हिरवी फळं धरली, आणि नेमकं तेव्हा आभाळ भरून आलं. ऊन नाही, सकाळी धुकं, पानं दुपारपर्यंत ओली. पानांवर तेल सांडल्यासारखे डाग दिसले तेव्हाच मी सांगितलं, हा करपा आहे, मोरचूद आणि चुना कालवून फवारतो. ती म्हणाली, घरच्या खाण्यावर ते निळं पाणी मारायचं असेल तर आधी माझ्या ताटात मारा. मग मी म्हणालो, उपटून टाक. तेही नाही. पानं तोडून ती झाडं वाचवणार होती.

त्या सकाळी ती दहिवरातच झाडांत शिरली. करपा लागला की दहिवर वाळेपर्यंत झाडाला हात लावू नये, ओल्या हाताबरोबर रोग पुढच्या झाडावर जातो. हे तिला सांगून माझी जीभ झिजली होती.

"दहिवर पडेल हाये, नको लावू हात," मी ओट्यावरून ओरडलो. "तूच पसरवून राह्यली करपा."

तिचं माहेर धुळ्याकडचं. सगळा जन्म असोद्यात काढून तिनं बोली काही बदलली नव्हती. मागे न बघता म्हणाली, "झाडेसले करपा नही शे. तुमनं तोंड करपेल शे."

"मंग माह्या तोंडाचे पानं तोड."

"तोडी टाकसू एक दिन."

तोडलेली पानं ती झाडाच्या बुडाशीच टाकत होती. मी उतरलो, टोपली आणली आणि तिच्या पायाशी आदळली. मग ती वरची तोडत गेली, मी खाली पडलेली वेचत गेलो. लग्न झाल्यापासून आम्ही असेच बोललो. नवा माणूस ऐकायचा तर त्याला वाटायचं, आज इथं कोणाचा तरी जीव जातो. पण खोटं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. भाजीत मीठ जास्त असलं तर मी ताट सरकवून तसं सांगायचो. माझी आई गेली तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती, तुमची आई वाईट होती, पण तुम्ही रडताय म्हणून मी रडते. आणि रडली.

दुपारी तिनं भाकरी केल्या. जेवलो. ती खाटेवर पडली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं हात धरून पाहिला, डोळे पाहिले आणि मला सांगायचं सोडून शेजाऱ्याला सांगितलं.

मुलगी अमळनेरहून आली. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धुळ्याहून आला. सुतकात घरच्यांनी मातीत हात घालायचा नाही. मी एकदा विळा घेऊन मागे निघालो तर मेहुण्यानं हातातून विळाच काढून घेतला. धुकं मात्र सुतक पाळत नव्हतं. खोडं काळी पडली, फळांवर तपकिरी चट्टे आले, शेंड्यांनी माना टाकल्या. मागच्या दारी कुजका वास सुटला.

आणि मग भेटायला येणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. गल्लीतली एक म्हातारी अक्का हात धुवायला मोरीवर गेली आणि तिथूनच तिनं गळा काढला.

"हाय माय! पाह्य त वो, लावनारी गेली आन् झाडायनंबी जीव सोडला!"

मी दारातच होतो. "अक्का, करपा हाये तो. ती जित्ती होती तेव्हाच लागला व्हता."

"तुमचं काळीज दगडाचं हाये भाऊ. मुक्या झाडाले कळलं, तुमले नाही कळलं."

झालं. तेव्हापासून जो येई तो आधी माझ्याजवळ टेकायचा, मग झाडं पाहायला मागे जायचा, आणि येताना डोळे पुसत यायचा. माझ्याकडे पाहून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. एकीनं बुडाशी हळदकुंकू वाहिलं. मुलीनं मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांत पाठवला.

"आबा, लोकं फोन करून राह्यले. म्हन्ता, असं कुठी पाह्यलं नाही."

"त्यायले सांग, कोन्याबी टमाट्याच्या वावरात जा. दरसाल दिसते."

ती उठून गेली. माझ्याजवळ त्या दिवसांत कोणी फार वेळ बसत नव्हतं.

मला झोंबत काय होतं ते सांगतो. ती झाडं वाचवायला गेली आणि तिच्याच ओल्या हातानं करपा पसरला. हट्टी बाई होती, हट्टानं हरली. ते तिचं खरं होतं. लोक ते पुसून तिची देवी करत होते. ज्या बाईला शेजारणी तोंडाळ म्हणायच्या, तिच्या जिभेची आता कोणी आठवणसुद्धा काढेना. सगळ्यांना ती गोड हवी होती. अशी गोड बाई माझ्या घरात कधी नव्हती, मग मी कोणासाठी बसलो होतो सुतकात?

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. माणसं उपाशी होती, एकेक जण घड्याळ पाहू लागला. माझी नजर त्या बाभळीवरून हलत नव्हती. देवाधर्माचं मला फारसं नाही. तरी तिनं उपाशी जाऊ नये, एवढं एक मला पाहिजे होतं. कावळा शिवला असता तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

मुलीनं हात जोडून सांगितलं, आई, मी आबांचं पाहीन. कावळ्यानं मान वाकडी केली आणि तिथंच बसला. मेहुण्यानं सांगितलं, राखीची साडी राहिली होती ती देवळात देतो. नाही. मग मेहुणा माझ्याकडे वळला.

"दाजी, तिना जीव झाडेसमा अटकेल शे. म्हना, झाडे सांभाळसू. एवढंच म्हना."

"मेलेले झाडं काय सांभाळू?"

"मंग खोटं म्हना! कावळाले काय कयस?"

"कावळ्याले नाही कळत. तिले कळते."

मुलगी रडायला लागली. "आबा, जल्मभर बोललेच तिले. आता एक शब्द चांगला बोला. जेऊन जाऊ द्या तिले."

बाकीचेही म्हणू लागले, म्हणा हो आबा, म्हणा, काय बिघडतं. एवढे लोक उन्हात उभे, आणि एका वाक्यानं सगळं सुटणार होतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही. मी पिंडासमोर जाऊन बसलो. हात जोडले.

मी म्हणालो, "झाडं गेले. तू दहिवरात हात घातला म्हनून गेले. उद्या उपटून जाळतो. यायचं त ये, नाही त उपाशी राह्य."

मागून कोणीतरी अरे रे म्हणालं. तेवढ्यात कावळा उडाला. "आला, आला," मुलगी म्हणाली. मीही अर्धा उठलो. तो आमच्या डोक्यावरून नदीपलीकडे गेला आणि त्याच्यामागे बाकीचेही गेले. बाभळीवर एक राहिला नाही.

शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि उरकलं. पंगतीत मेहुणा माझ्या शेजारचं पान सोडून पलीकडे बसला. मुलगी वाढत होती. माझ्या पानाशी थांबली, भात टाकला आणि म्हणाली, "आईले उपाशी धाडलं तुम्ही. जेवा आता."

मी जेवलो. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मागे गेलो. दहिवर होतं, पण आता पसरायला काही उरलं नव्हतं. पहिलं झाड ओढलं तर अडलंच नाही, मूळसुद्धा हातात आलं. आवाजानं मुलगी दारात आली.

"एक राहू द्या आबा. एकच. मी अमळनेरले कुंडीत नेते."

"तिथलेबी टमाटे मारशील."

"मंग निदान चिंध्या त सोडा. आईचं लुगडं हाये ते."

झाडं काठ्यांना बांधायला तिच्या आईनं जुनं लुगडं फाडलं होतं. निळ्या चिंध्या, प्रत्येक काठीला दोन-दोन गाठी. मुलगी एक गाठ सोडायला वाकली तेव्हा मी तिचा हात बाजूला केला. करपा चिंधीत राहतो की नाही, मला नक्की माहीत नाही. राहतो, असं तिला सांगितलं.

ती रडत उभी राहिली. मी विळ्यानं चिंध्या काठ्यांपासून कापल्या आणि झाडांबरोबरच ढिगावर टाकल्या. ओल्या पाल्यानं आधी नुसता धूर केला. खाली कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या सारल्या तेव्हा पेटलं. मेहुणा तोंड धुवायला मोरीवर आला, पाहिलं आणि तोंड न धुताच आत गेला. फळं आचेनं फुटून ढिगाबाहेर घरंगळत होती. मी काठीनं एकेक परत आत ढकलत राहिलो.